ऑर्गॅनिक गांजा आणि साधा गांजा यांत नेमका फरक काय? जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

तुमचा मेहुणा टोरांटोत असतो, तिथल्या परवानाधारक दुकानात ऑर्गॅनिक गांजा साध्यापेक्षा महाग आहे, तर ते जास्तीचे पैसे कशाचे, असं तुम्ही विचारलंय. वर हेही विचारलंय की इकडे नागपुरात धरमपेठेत 'ऑर्गॅनिक हेम्प सीड ऑइल' (हेम्प म्हणजे गांजाच्याच झाडाचं नशा नसलेलं वाण) मिळतं, ते घ्यावं का. मी ओढणाऱ्यांतला नाही. पण काटोल-नरखेडच्या संत्राबागा आणि यवतमाळकडचा कापूस सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे त्या एका शब्दात काय येतं आणि काय येत नाही, एवढं सांगू शकतो.

सेंद्रियचा शिक्का पिकवण्याच्या पद्धतीला मिळतो. तपासणीला गेलो की आम्ही आधी वही मागतो: बियाणं कुठलं, खत कोणतं, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून औषध उडून येतं का. फवारणी अजिबात होत नाही, हा मात्र लोकांचा गैरसमज. संत्र्यावर डिंक्या आला तर सेंद्रिय बागेतही बोर्डो चालतं, म्हणजे मोरचूद आणि चुनाच. निंबोळी तेल चालतं, गंधक चालतं. गांजाचंही तेच. साधा माल बहुतेक वेळा बंद खोलीत, दिव्यांखाली, नारळाच्या भुशात वाढतो आणि पाण्यात विरघळणाऱ्या रासायनिक खतांवर पोसला जातो. सेंद्रियवाले कंपोस्ट घातलेली माती वापरतात, किडीवर मित्रकीटक सोडतात. नशा दोन्हींची सारखीच, आणि धूर दोन्हींचा फुफ्फुसाला सारखाच वाईट.

आता खरी गोम. संत्रं आपण सोलून खातो. फळावर औषधाचा किती अंश चालेल, ही मर्यादा खाण्याचा विचार करून ठरवलेली असते, गांजा जाळतात. मायक्लोब्युटानिल नावाचं बुरशीनाशक द्राक्षावर भुरीसाठी मारतात. तेच तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतं. 2016-17 च्या सुमारास कॅनडात वैद्यकीय गांजाचा बराच माल बाजारातून परत मागवावा लागला, कारण त्यात हे आणि बायफेनाझेट नावाचं कीडनाशक सापडलं. आणि त्या कंपन्यांपैकी एकीकडे सेंद्रियचं प्रमाणपत्र होतं! त्यानंतर तिथल्या सरकारने 2019 पासून कीटकनाशकांची चाचणी सगळ्यांनाच सक्तीची केली. म्हणजे दुकानातला साधा मालही आज त्या चाळणीतून आलेला असतो, आणि कीटकनाशकाच्या भीतीपोटी ऑर्गॅनिक घ्यायचं कारण तिथे पूर्वीपेक्षा बरंच कमी उरलंय.

जड धातूंचं प्रकरण वेगळं. हे झाड जमिनीतलं कॅडमियम, शिसं ओढून घेण्यात पटाईत आहे, इतकं की चेर्नोबिलजवळची माती साफ करायला 1990 च्या दशकात हेम्प लावून पाहिलं होतं. माती किंवा खतातच धातू असेल तर शेतकऱ्याची वही कितीही चोख असो, तो पानाफुलांत उतरणारच. हे फक्त प्रयोगशाळेत कळतं.

बुरशीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कॅनडातल्या बऱ्याच मालावर बुरशी आणि जंतू मारायला किरणांचा मारा करतात, म्हणजे विकिरण प्रक्रिया. सेंद्रियच्या नियमात ती बसत नाही. धडधाकट माणसाला ती न केल्याने सहसा काही फरक पडत नाही, पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी गेली तर जिवावर बेतू शकतं. अशा माणसासाठी मी तरी महागड्या ऑर्गॅनिकचा आग्रह धरणार नाही. (पांढरी राख म्हणजे शुद्ध माल, असं काही लोक छातीठोक सांगतात. त्यावर जाऊ नका.)

मेहुण्याला एवढंच सांगा: डब्यावर लॉट नंबर आणि पॅकिंगची तारीख असते, त्या लॉटचा चाचणी रिपोर्ट कंपनीकडे मागून बघ. शिवाय प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे तेही बघ, कारण कॅनडाचा सरकारी सेंद्रिय लोगो खाद्यपदार्थांसाठी असतो; गांजाचं प्रमाणीकरण खासगी संस्था करतात. अमेरिकेत तर केंद्राच्या कायद्याने गांजा बेकायदेशीरच, त्यामुळे त्यांच्या कृषी खात्याचा ऑर्गॅनिक शिक्का त्यावर येऊच शकत नाही. कॅलिफोर्नियाने म्हणून 'ओकॅल' ही आपली वेगळी व्यवस्था काढली.

धरमपेठेतलं तेल बियांचं आहे. त्याने नशा होत नाही, आणि 2021 पासून एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. बाटलीवर परवाना क्रमांक आणि 'जैविक भारत'चा, म्हणजे सेंद्रिय अन्नाचा आपला सरकारी लोगो शोधा. 'पीजीएस-ग्रीन' दिसलं तर ते शेत अजून सेंद्रियकडे वळतंय, पूर्ण झालेलं नाही, हे ध्यानात असू द्या. दुकानदार हा फरक सांगत नाही. तळायला हे तेल वापरू नका. आणि ओमेगा-3 साठीच घेत असाल तर बाप्पा, घरच्या जवसाच्या चटणीत ते याहून जास्त असतं, तेही कितीतरी स्वस्तात.

एक राहिलं. मेहुणा सुट्टीत येताना 'ऑर्गॅनिकच तर आहे, तिकडे कायदेशीर आहे' म्हणून एखादी पुडी बॅगेत टाकून आणेल, तर त्याला आधीच बजावून ठेवा. आपल्याकडे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, 1985 नुसार गांजाची फुलं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, अगदी थोड्या मालालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाहेरून आणणं हा तर आणखी वेगळा गुन्हा. महाराष्ट्रात विनापरवाना भांगसुद्धा चालत नाही, होळीला कुणी काहीही म्हणो.