‘दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतोय का?’

‘घरात मराठी, बाहेर इंग्रजी. या गोंधळामुळेच हा बोलत नसेल का?’ मूल बोलत नाही म्हणून माझ्याकडे तपासणीला येणारे दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे आईबाबा हे इतक्या वेळा विचारतात, की यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

साताऱ्याहून पुण्यात आलेलं एक कुटुंब (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मुलगा सव्वादोन वर्षांचा. मोबाइलवर ऐकलेली एबीसीडी घडाघडा म्हणायचा, पण काही मागायला-सांगायला जेमतेम पाच-सहा शब्द. नर्सरी प्रवेशाच्या धास्तीने आईबाबांनी घरात इंग्रजी सुरू केलेलं. आजीला ताकीद होती, ‘मराठी कमी, बोबडं तर अजिबात नाही.’ आजी मग गप्पच राहायला लागल्या.

आधी कानांची तपासणी करून घेतली. ती मी कधीच टाळू देत नाही. ऐकू नीट येत होतं. हवं ते तो बोटाने दाखवायचा, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायचा. म्हणजे समज होती.

‘मग मराठी पूर्ण बंद करू का?’ आईने विचारलं.

‘याला रागावता, याचे लाड करता, ते कोणत्या भाषेत?’

‘मराठीच येते हो तोंडात.’

‘मग तीच बोला. आणि आजी, तुमचं भुर्र, हम्मा, जोजो पुन्हा सुरू करा.’

बाळाशी आपण आपोआप हेल काढून, तेच तेच शब्द घोळवत बोलतो. त्याने मूल बिघडत नाही, उलट त्याचं लक्ष आवाजाकडे वळतं. दोन भाषांचंही तसंच. दोन्हींतले मिळून शब्द मोजले, तर अशी मुलं सहसा मागे नसतात. जॅनेट वर्कर या संशोधिकेने १९८४ मध्ये कॅनडात दाखवून दिलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण ओसरते. कारण तो फरक त्यांच्या कानांवर पडतच नाही. बाळाचा कान अनेक भाषांसाठी तयार असतो, त्याला फक्त खरी माणसं बोलताना हवीत. संशोधिका पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात अमेरिकी बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या बाईंकडून चिनी भाषेतले आवाज उचलले. तेच व्हिडिओवर दाखवल्यावर काहीच उचललं नाही.

माझ्या खोलीत मला दिसली ती वेगळीच अडचण. ‘हे काय? कलर कोणता? काऊ कसा करतो? सांग ना मॅडमना!’ मुलाच्या वाट्याला दिवसभर तोंडी परीक्षा येत होती. गप्पा कुणीच मारत नव्हतं.

पुढच्या भेटीला मी चुरमुऱ्यांचा घट्ट झाकणाचा डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने झाकण ओढून पाहिलं, निघेना. डबा आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिचा हात झाकणाकडे गेला, तसं मी खुणेनेच थांबवलं. ‘विचारू नका. त्याच्याकडे बघत राहा.’ त्याने झाकणाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे, पुन्हा झाकणाकडे. आईला ते थांबणं जड जात होतं. आणि मग आलं, ‘उघ!’

‘उघड! डबा उघडू? हा बघ उघडला!’ आई हसत म्हणाली. मूठभर चुरमुरे खाऊन त्याने स्वतःच झाकण लावलं आणि डबा पुन्हा तिच्यापुढे धरला. ‘उघ!’ त्याला आता चुरमुऱ्यांपेक्षा त्या शब्दाची गंमत वाटत होती. माझ्या कामातले हे क्षण मला सगळ्यात प्रिय आहेत.

जेरोम ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ मांडत, की रोजच्या ठरलेल्या देवाणघेवाणीत, खेळात भाषा रुजते. माझाही अनुभव तोच. म्हणून अंघोळ घालताना, भाजी निवडताना जे करताय ते बोला. तो ‘गाडी’ म्हणाला तर ‘हो, लाल गाडी गेली’ एवढं जोडा. प्रश्न कमी करा, आणि बोलून झालं की मनात पाच मोजेपर्यंत थांबा. मोबाइल जेवताना तर नकोच. दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही महिन्यांत हा मुलगा ‘आजी, भुर्र जाऊ’ म्हणायला लागला.

‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता,’ आजी म्हणाल्या होत्या. घरात असं असेल तर निर्धास्त न राहता उलट लवकर दाखवा. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल. किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि श्रवण-वाचा तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते.