"दिवाळीपर्यंत कळ काढ" असं पोराला म्हणू नका

भाऊ, तुमचा मुलगा सहावीत, साताऱ्याच्या सैनिक शाळेत, आणि दर रविवारी फोनवर "पप्पा, घरी न्या". वाचून पोटात कालवाकालव झाली. आमच्याकडे हेच झालं होतं. शाळा दुसरी, पण रस्ता तोच, नाशिकहून सव्वातीनशे किलोमीटर. वर नातेवाईक होतेच: "गावात १९३७ पासून भोसला मिलिटरी स्कूल असताना एवढ्या लांब कशाला?"

धीर द्या, रागावू नका वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. "दिवाळीपर्यंत कळ काढ, नाही करमलं तर घेऊन येतो" हे मात्र चुकूनही म्हणू नका. मी म्हटलं. पोरगं लगेच गप्प झालं, मला वाटलं जिंकलो. पण त्यानं ते खरं मानलं. वहीच्या मागच्या पानावर दिवस खोडत बसायचा. ट्रंकेतून दोन जोड कपडे काढलेले, बाकी ट्रंक भरलेलीच. जायचंच आहे म्हणून कुणाशी दोस्ती नाही. हे सगळं रेक्टरांकडून नंतर कळलं.

दिवाळीत आला तो थेट जुनं दप्तर शोधायला लागला. मी जुन्या शाळेच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. आधी दाखला आणा, मग साहेब रजेवर, मग तुकडी भरली. तुकडी काय तिसऱ्या खेपेला भरली का? असो. खरं सांगायचं तर जागा मिळाली असती तरी मी त्याला आणला असता का, शंकाच आहे. भाऊबीजेनंतर एसटीत बसवलं. रडला नाही. पुढची दोन वर्षं फोनवर फक्त "बरंय".

मी काही समुपदेशक नाही, तुमचं पोरगं वेगळं असेल. कुणी मारत असेल, दुखत-खुपत असेल तर विचार न करता जाऊन घेऊन या. नुसती घरची ओढ असेल तर तारीख देऊ नका. जेवायला काय होतं, शेजारच्या खाटेवर कोण झोपतं, एवढंच विचारा. मार्कांचं पत्रात.

आणि चिवडा पाव किलो देऊन "लपवून ठेव" म्हणू नका. दोन किलो द्या, खोलीभर वाटू दे. भेटीच्या रविवारसाठी शनिवारी रात्रीचीच गाडी धरा. सकाळी निघालात तर पोचेपर्यंत दुपार होते, आणि पोरं नाश्त्यापासून फाटकाकडे बघत असतात.