आंबा कॅनिंग आणि वाडीची विहीर

वाडीच्या वरच्या अंगाला आंब्याच्या रसाचं कॅनिंग सुरू होतंय, विहीर आटेल का, असं तुम्ही विचारलंय. देवगडकडे पंचवीस वर्षं कलमं राखतोय, म्हणून सांगतो. आटण्याची भीती आहेच, पण मला धास्ती जास्त सांडपाण्याची.

पाणी आटतं म्हणून बागांना उगाच बोल लावू नका. हापूसची जुनी कलमं पावसावरच जगतात. फळगळ होऊ नये म्हणून फळ वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढं असताना झाडाला 150 ते 200 लिटर देतात, तेवढंच. कॅनिंगला मात्र आंबे धुवायला, बॉयलरला, डबे थंड करायला, फरशी धुवायला पाणी लागतं, आणि तेही ऐन मे महिन्यात. आपल्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, पण जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या शेडीवर, म्हणजे चिकट मातीच्या थरावर, अडतं आणि झऱ्यांवाटे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून निघून जातं. मेमध्ये विहिरीत उरतो तो तळ. त्यात वर बोअर मारून दिवसभर पंप चालवला, तर खालच्या विहिरींचं काही खरं नाही.

आता सांडपाणी. आमच्या इथे कॅनिंगच्या एका शेडने साली-बाठे धुतलेलं पाणी सरळ व्हाळात सोडलं. चार दिवसांत व्हाळातल्या कोंडीवर, म्हणजे साचलेल्या पाण्यावर, पांढरट साय, आंबलेल्या ताडीसारखा वास, आणि खेकडे पाणी सोडून दगडांवर येऊन बसलेले. विष वगैरे काही नव्हतं हो, नुसता रस! त्यातल्या साखरेवर वाढणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. गुरंसुद्धा तोंड लावीनात. व्हाळाकाठच्या विहिरीला तर पाऊस सुरू झाल्यावरही वास येत होता.

तेव्हा ग्रामसभेत मालकाला धरून विचारा: पाणी कुठून घेणार, डबे थंड केलेलं पाणी परत वापरणार का (ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं, फुकट घालवायचं कारण नाही), साली-बाठे कुठे टाकणार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आहे का. 'शोषखड्डा मारतो' म्हणाले तर अजिबात मान डोलावू नका. जांभ्यात शोषखड्डा म्हणजे ते पाणी तुमच्याच विहिरीला पाइप लावून दिल्यासारखं.

आणि शेड सुरू व्हायच्या आधी, यंदाच्याच मेमध्ये, दर आठवड्याला दोरी सोडून विहिरीचं पाणी मोजा, तारखेसकट वहीत लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. आम्ही हे केलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला गेलो तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं.