निवृत्तीनंतर नवरा घुमा झालाय : पासासोबत सुटलेलं भजन

"रिटायर झाल्यापासून हे बोलतच नाहीत. टीव्ही लावून बसतात, पण बघतही नाहीत. विचारलं की म्हणतात, मला काय धाड भरलीय?" साठीतल्या पुरुषांच्या घरून समुपदेशनाला ही तक्रार वारंवार येते, आणि ती बहुतेक वेळा बायको किंवा सून घेऊन येते. पुढची हकिगत त्यांपैकीच एका घरातली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका 61 वर्षांचे, बदलापूरचे. भायखळ्याला स्टोअर सांभाळायचे. निवृत्तीला चौदा महिने झालेले. अशा वेळी आधी झोप, भूक, वजन, दारू आणि मरणाचे विचार याबद्दल स्पष्ट विचारायचं असतं, ते विचारलं. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत 27 पैकी 8 गुण आले, म्हणजे सौम्य. साखर, थायरॉइड, ब-12 आणि कान तपासून घ्यायला सांगितलं. कानांची तपासणी लोक हमखास टाळतात. ऐकू कमी येणारा माणूस चारचौघांत जाणं सोडतो आणि घरच्यांना तो तुसडा वाटायला लागतो. काकांचे कान ठीक निघाले.

"ऑफिसची आठवण येते का?" "नाही." "मित्र?" "आहेत." अशी वीस मिनिटं गेली. मग विचारलं, "काका, गाडी कितीची होती?"

"सात बाराची." आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली.

22 वर्षं लोकलचा तोच डबा, तीच खिडकी, सव्वा तास भजन. टाळांचे दोन जोड, बाकी ठेका डब्याच्या पत्र्यावर. गुरुवारी दत्ताची आरती. दसऱ्याच्या तोंडावर डब्याला तोरणं, पेढे. नोकरीचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. पास संपला त्या दिवशी रोजची पंधरा माणसं एकदम तुटली, आणि 'मला गाडीतल्या भजनाची आठवण येते' हे घरी सांगायची लाज वाटत होती.

या पिढीतल्या पुरुषाला समोर बसवून 'मन मोकळं करा' म्हटलं की तो आणखी मिटतो. भजनात दोन्ही हात टाळात गुंतलेले, नजर खाली, शेजाऱ्याचा खांदा खांद्याला लागलेला. तिथे कुणी काही विचारत नाही. मुलाच्या नोकरीचं, बायपासचं, कर्जाचं जे काही निघतं ते टाळ पिशवीत भरताना. इंग्लंडमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना केली होती. शेवटी जवळीक सगळीकडे सारखीच झाली, पण गाणाऱ्यांत ती खूप लवकर झाली. न बोलणाऱ्या माणसासाठी हा 'लवकर' फार मोलाचा आहे. शिवाय श्वासाचा हिशेब आहेच: एरवी मिनिटाला 12 ते 16 श्वास चालतात, संथ चालीत ओळ पुरी करताना ते निम्म्याजवळ येतात. लांब उच्छ्वासाने नाडी सावकाश होते, म्हणून भजनानंतर अंग हलकं वाटतं.

काका गल्लीतल्या मंडळात दोनदा गेले आणि बंद केलं. "आवाज गेला माझा." आवाज गेला नव्हता, पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, चुकली होती. गाडीत पेटी नसते, ज्याला झेपेल तो सूर धरतो. मंडळाची पेटी मात्र काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत लागलेली. वर्षभर न गायलेल्या गळ्याला तिथला वरचा सा लागत नाही, माणूस ओरडतो, दुसऱ्या दिवशी घसा बसतो. चालू भजनात पट्टी उतरवा म्हटलं तरी कुणी ऐकत नाही, कारण पखवाज पुन्हा सुरात मिळवावा लागतो. म्हणून काकांना सोसायटीच्या सभागृहात मंगळवारी हरिपाठ म्हणणाऱ्या नऊ जणांत पाठवलं. तिथे पट्टी काळी एक, म्हणजे बरीच खालची, आणि पखवाज नाहीच.

ठरवून घेतलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. पहिले सहा मंगळवार मागच्या रांगेत बसायचं, फक्त धृपद, म्हणजे फिरून येणारी ओळ, उचलायचं, चरण म्हणायचा आग्रह कुणी करायचा नाही. सुरुवातीला पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणायचं, मगच तोंड उघडायचं. शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही तर आपण जोरात गातोय, असं समजायचं. माइक नाही, मोबाइलवर चित्रण नाही. आणि नंतरचा चहा चुकवायचा नाही. काकूंनाही एक पथ्य होतं: "जा ना भजनाला" म्हणायचं नाही. बायकोने धाडलेला पुरुष तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याचं कारण काढतो.

चौथ्या मंगळवारी बिनसलंच. एका जुन्या गायकाने काकांचा ताल सगळ्यांसमोर सुधारला. अशी मंडळं मोडतात ती बहुधा इथेच, किंवा वर्गणीवरून. काका पुढच्या वेळी गेले नाहीत. मग दोघे जण दारात येऊन उभे राहिले. चूक कुणाची हा विषय त्यांनी काढला नाही. "टाळाचा एक जोड रिकामा पडतोय," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी चाचणीत 3 गुण आले. याला भजनाने नैराश्य बरं होतं असा पुरावा समजू नये. काकांचं दुखणं सौम्य होतं आणि नेमकं काय तुटलंय ते सापडलं होतं. गुण 10 किंवा वर असतील, दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, गाणं त्याच्या जोडीला. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी दाखवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरी काका अजून कमीच बोलतात. काकूंना वाटलं होतं, ते आता आपल्याशी गप्पा मारतील. तसं झालं नाही, आणि हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. मंगळवारी मात्र त्या आता साडेआठला कुकर लावत नाहीत, नऊला लावतात.