लोकलची भीती : शिडी कशी लावायची?

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची. पावसात लोकल दोन स्टेशनांच्या मधे अडकली, तेव्हापासून ती गाडीत चढत नाही. आम्ही रिक्षाने नेतो. सीबीटीत (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) नेमकं काय करतात? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, रिक्षेमुळेच भीती टिकून आहे. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि ‘चढले असते तर काहीतरी झालंच असतं’ हा समज पक्का होतो.

तिच्याकडूनच भीतीची शिडी, म्हणजे सोप्या प्रसंगापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्या, लिहून घ्या. प्रत्येक पायरीला भीतीचे 0 ते 10 गुण. दुपारी फलाटावर बसणं 3, रिकाम्या धीम्या लोकलने नाहूरपर्यंत 5, घाटकोपरपर्यंत 7, संध्याकाळची गर्दी 9. सुरुवात 3 पासून. चढण्याआधी तिचं भाकीत लिहा : ‘गाडी थांबली तर श्वास कोंडेल.’ उतरल्यावर खरंच काय झालं तेही लिहा. या दोन ओळींतली तफावत, हेच औषध. एकच पायरी आठवड्यातून चार-पाचदा करा, तरच मुरते.

बिघडतं कुठे? भीती शिगेला असताना तिला उतरवलं, तर पळणंच शिकवलं जातं. त्यापेक्षा पायरी छोटी निवडा. दुसरं, पालकांचं सतत ‘काही होणार नाही गं’. मग धीर तुमच्या शब्दांचा होतो, तिचा नाही. ‘भीती वाटतेय, तरी तू बसलीस’ एवढंच म्हणा.

तज्ज्ञांकडे साधारण 12 ते 16 आठवडी सत्रं लागतात. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. शाळा बुडू लागली किंवा ती मरणाचं बोलली, तर थांबू नका; टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत.