ऑगस्टीन आणि सक्ती: वाचायला कुठून घ्यावं

ऑगस्टीन हा पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती बिशप. त्याच्या 'सिटी ऑफ गॉड'चा ठोकळा आधी उघडू नका. धर्मासाठी सक्ती चालते का, हा वाद ऑगस्टीनच्या तीन पत्रांत जास्त नीट सापडतो: 93, 133 आणि 185. त्याआधी सनावळी कागदावर मांडा. 405 चा रोमन सम्राटाचा एकीकरणाचा हुकूम, म्हणजे मुख्य चर्चपासून फुटलेल्या आफ्रिकेतल्या डोनाटस पंथाला परत आणण्याचा; 411 ची दोन्ही पक्षांची कार्थेजची सभा; 412 चा डोनाटस पंथीयांवर दंड बसवणारा कायदा. ती नसेल तर पत्रं अधांतरी वाटतात.

93 मध्ये तो कबूलच करतो की आधी आपण सक्तीच्या विरुद्ध होतो. कायद्याच्या धाकाने स्वतःचं गाव डोनाटस पंथातून परतलेलं पाहून मत बदललं. नवशिके इथेच थांबतात आणि त्याने आधाराला घेतलेल्या बायबलमधल्या 'आत येण्यास भाग पाड' (लूक 14:23) या वचनावरून त्याला थेट इन्क्विझिशनचा (पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या पुढच्या काळातल्या चर्च-न्यायालयांचा) बाप ठरवतात. घाई होते ती. 133 काढा. डोनाटस पंथीयांच्या हातून मुख्य चर्चच्या एका धर्मगुरूचा खून झालाय, दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडलंय, तरी गुन्हेगारांना मृत्युदंड नको, अशी तो मार्केलिनस या अधिकाऱ्याला विनवणी करतो. मात्र त्याच पत्रात छडीच्या माराने कबुली काढल्याबद्दल शाबासकीही आहे; छडी काय, मास्तर आणि आईबापही वापरतात म्हणे! हा भाग दोनदा वाचा. 185 हे 417 चं, लांबलचक; ते शेवटी घ्या.