आईला हायटस हर्निया निघाला, ऑपरेशन करावंच लागेल का?

भाऊ, तुम्ही विचारलं आहे की आईच्या दुर्बिणीच्या तपासणीत लहान हायटस हर्निया निघाला, गोळ्या घेऊनही रात्री आंबट पाणी घशाशी येतं, तर ऑपरेशन करून टाकावं का. आणि गावातला एक जण बेंबी बसवून देतो म्हणतो, त्याचं काय.

त्याला आधी नमस्कार करा आणि घरी पाठवा. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात अन्ननलिकेसाठी भोक असतं. ते सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, हाच हायटस हर्निया. पोट चोळून तो खाली येत नाही. गोळ्यांनीही येत नाही, त्या फक्त आम्ल कमी करतात. पण लहान हर्नियाचं बहुतेकांना गोळ्या आणि पथ्यावर निभतं. माझंही तसंच चाललं आहे.

गोळी आई कधी घेते ते बघा. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. आपल्याकडे जेवून मग गोळी घ्यायची रीत, तिथंच तिचा जोर कमी होतो.

रात्रीच्या त्रासाला खाट बघा. डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन ती सहा-आठ इंच उचला. बाजेला झोळ पडला असेल तर आधी ती आवळून घ्या. उशांची थप्पी नको, तिनं माणूस कमरेत वाकतो आणि पोट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपलेलं बरं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. कापूस वेचणीच्या दिवसांत हे जमणं कठीण, बाई दमून येते, स्वयंपाक करते, जेवते की आडवी. म्हणून पोटभर दुपारी, रात्री थोडा वरणभात. जेवल्याबरोबर निंदायला वाकू नये, लुगडं कमरेला घट्ट आवळू नये. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं खरा फरक पडतो.

तिखट सरसकट बंद करू नका, ज्यानं जळजळते तेवढंच सोडा. तर्री मात्र बहुतेकांना नडते. तंबाखू-खर्रा असेल तर तो आधी. कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्या पोटाला फार बाधतात.

ऑपरेशन मोठ्या हर्नियाला, किंवा हे सगळं नीट करूनही त्रास हटत नसेल तेव्हा. दुर्बिणीतून जठर खाली ओढतात, भोक शिवून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. नंतर काही दिवस घास गिळायला त्रास होतो, काहींना ढेकरच येत नाही, गॅस धरतो. नागपूर किंवा सेवाग्रामला सर्जनला रिपोर्ट दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घास अडकणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, उगाच वजन घटणं किंवा रक्त कमी होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. छातीत दाबून घाम फुटला, हात-जबडा दुखला, तर ॲसिडिटी समजून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन लावा, आधी ईसीजी.